नागिणीचं मूळ गाव

आमच्या घरात एक तलवार आहे. लग्न होऊन आले त्या वर्षीच्या खंडेनवमीला ती मी पहिल्यांदा पाहिली आणि ही इथली नव्हे, एवढं मला तेव्हाच कळलं. माझा विषय भूगोल, इतिहास नव्हे. पण डोळ्यांना दिसतंय ते सांगायला इतिहास कशाला लागतो? मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली, तेलकट फडक्यातून तलवार सोडवली आणि पाटावर पान्हे, जॅक, विळी, कोयता यांच्या शेजारी ठेवली. बाकीची हत्यारं साधी, ही एकटी नागमोडी. मुठीजवळ पातं पसरट, आणि तिथून वळणं घेत टोकाकडे निमुळतं झालेलं. मुठीच्या शेवटी लाकडात कोरलेलं पाखराचं डोकं, त्याला मागे वळलेला तुरा. घरात तिला नागीण म्हणतात.

मी सरळ विचारलं, "मामा, ही कुठली?" तशी आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, मला आत बोलावून घेतलं आणि पुरण वाटायला बसवलं. नव्या सुनेला गप्प करायची ती पद्धत पुढे माझ्या चांगली ओळखीची झाली.

भावकीत या तलवारीची गोष्ट ठरलेली होती. कुणा पूर्वजानं मोठ्या लढाईत शत्रूच्या हातातून हिसकावून आणली, अशी. कुठली लढाई, कोण शत्रू, असं विचारलं की सांगणारा चहा मागायचा. खरी गोष्ट घरातल्या घरातच होती आणि ती आत्तींनी मला हळूहळू, निवडणं-टिपणं करताना सांगितली.

मामांचं गाव शाहूवाडीकडचं, मलकापूरच्या पुढं, डोंगराच्या पोटात. त्यांचे वडील भाताच्या गाड्या घेऊन आंबा घाट उतरायचे. एकदा उतरले ते रत्नागिरीच्या बंदरावरून परतलेच नाहीत. गाडी आणि बैल दुसऱ्यानं आणून दिले, वर निरोप दिला की तुमचा माणूस खलाशी म्हणून बोटीवर चढला. काही वर्षांनी तो एक दिवस आपल्या पायांनी घरी आला. काळा ठिक्कर पडलेला, बोलायला विसरलेला, काखेत ही नागीण. कुठं होतास, याला त्याचं एकच उत्तर होतं, "लांब." एक पावसाळा तो घरात राहिला, भात लावलं, कापलंही, आणि पुन्हा घाट उतरून गेला. तलवार ठेवून गेला. त्यानंतर त्याचं काहीच कळलं नाही. तेव्हा मामा बापाच्या कमरेला लागत होते.

गावानं आपापल्या परीनं निकाल लावला. अर्धं गाव म्हणायचं, बोट बुडाली. अर्धं म्हणायचं, तिकडं दुसरं घर केलं. पाणवठ्यावरच्या बायका मामांच्या आईला छेडायच्या, की बाकीच्यांचे नवरे लुगडं आणतात, तुझ्यानं सवत आणलीय आणि ती पेटीत निजते. त्या माउलीचं उत्तर मामांना तोंडपाठ होतं. "सवत तर सवत. ती हितं हाय तवर त्यो तिला न्यायला येणार." दर खंडेनवमीला ती तलवारीला हळदीकुंकू लावायची, बोट भरून, मुठीजवळच्या त्या पसरट भागावर, आणि त्याच बोटानं स्वतःच्या कपाळाला. मी या घरात येण्याआधीच त्या गेल्या. कपाळभर कुंकू लावून गेल्या.

मामांनी पुढं मालट्रक चालवला. कोल्हापुरात घर केलं, मुलं शिकवली, पण गाडी मात्र जन्मभर रत्नागिरीच्या रस्त्यावरच धरली. चांगल्या मालकांनी बेळगाव, पुणे देऊ केलं तरी घेतलं नाही. माल उतरवून झाला की बंदरावर जायचं आणि म्हाताऱ्या खलाशांपाशी बसून बापाची चौकशी करायची. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, त्यांच्या क्लीनरनं आत्तींना सांगितलं. आणि एकदा एका लग्नात पंगतीत बसलेला चुलतभाऊ हसत हसत म्हणाला, "तिकडं तुझं सावत्र भाऊ नारळ खाऊन गुबगुबीत झालं असतील." मामा पानावरून उठले. त्या घरचं पाणी त्यांनी पुन्हा घेतलं नाही. दुसऱ्या घराची गोष्ट ऐकून घ्यायची त्यांची तयारीच नव्हती. बोट बुडाली हे चालत होतं का, तर तेही नाही. ते आईसारखेच अधांतरी राहिले.

मागच्या श्रावणात मामांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यातून घरी आले ते अर्धे होऊन. आत्ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि मीही शाळेतून निवृत्त होऊन घरी होते, त्यामुळं दुपारी आम्ही दोघंच. मी लसूण सोलत होते. मामा कॉटवरून म्हणाले, "मला मरायचं भ्या न्हाय. पर माझ्या मागनं बाचं पान कोन ठेवनार?"

पितृपक्ष पुढं महिन्यावर होता. मी म्हटलं, "आम्ही ठेवू की. त्यात काय."

"कुठल्या दिवशी? आनी कसं?" ते उठून बसले. "मीच कवा ठेवलं न्हाय. आईनं ठेवू दिलं न्हाय. जित्या मान्साचं पान ठेवतोस व्हय, म्हनायची. आता त्यो जिता न्हाय ह्ये मलाबी कळतंय की. पर आईचं पान मी नवमीला ठेवतोय."

हे मला माहीत होतं. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला ठेवतात, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. इतकी वर्षं मीच तो स्वयंपाक करत होते. पण त्यातली अडचण माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मामा ती डोक्यात घेऊन जगत होते.

"बोट त्याच येळंला बुडाली असंल तर माझी आई रांडमुंडच हुती की गं," ते म्हणाले. "तिला ठावं नव्हतं, येवढंच. मग नवमी खोटी. तिचं कुक्कू खोटं. आनी ह्ये खोटं मी तुमच्या गळ्यात घालून जानार." मग पेटीकडं हात केला. "तू भूगोलवाली हायस. ही नागीन कुठली तेवढं हुडकून काढ. ती जितनं आली, तितं त्यो हुता. पितरांच्या म्हाळाच्या आत."

माझ्या नवऱ्यानं संध्याकाळी ऐकलं आणि तो म्हणाला, "बाबांनी तुला गृहपाठ दिला वाटतं." मी त्याला म्हटलं, तुला जमत नाही म्हणून मला दिलाय.

आधी मी गावातल्याच एका जाणकाराकडं गेले. ते तालमीत मुलांना मर्दानी खेळ शिकवतात आणि घरी जुन्या तलवारी, पट्टे, कट्यारी सांभाळतात. त्यांनी नागीण दोन्ही हातांवर तोलून पाहिली, भुवया चढवल्या आणि म्हणाले, "वहिनी, ही आपली न्हवं. ह्याला क्रिस म्हणत्यात. जावा बेटावरची." माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी मामांना नकाशात जावा दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

तरी मला शंका होतीच. त्या गृहस्थांनीच फोनवर मला जावाच्या क्रिसचे फोटो पाठवले होते आणि ते सगळे हलके, बारीक खंजीर दिसत होते. आमची नागीण एका हाताला जड. मास्तरकीची खोड, पेपर दोनदा तपासल्याशिवाय मार्क द्यायला मन होत नाही. जुन्या शस्त्रांची आवड असणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, जगभरातली माणसं त्यात आहेत. तिथं मी फोटो टाकले आणि इंग्रजीत विचारलं, ही कुठली.

उत्तरांचा पाऊस पडला. बहुतेकांना त्या तलवारीपेक्षा तिच्यावरच्या लाल-पिवळ्या थराची काळजी. केवढा हा गंज, म्हणे. कुणी व्हिनेगर सांगितलं, कुणी कसलं तरी ॲसिड, एकानं तर तारेचा ब्रश. गंज नव्हे, ते कुंकू आहे, असं मी लिहिलं, तर कुंकू म्हणजे काय हे समजावण्यात एक दिवस गेला. तलवारीला कुंकू का लावता, याचं इंग्रजीत उत्तर देताना माझीच पंचाईत झाली.

या सगळ्यात एका बाईंनी मात्र नेमकं लिहिलं. दक्षिण फिलिपिन्समध्ये झांबोआंगा नावाचं शहर आहे, तिथल्या त्या. निवृत्त शिक्षिका, म्हणजे आमची जात एकच. त्यांनी लिहिलं, ही जावाची नाही. जावाचा क्रिस खुपसायचा असतो, हा वार करायचा आहे. हा मोरो क्रिस. मोरो म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचे मुसलमान लोक. हे नाव स्पॅनिश लोकांनी ठेवलेलं. मुठीवरचं पाखरू काकाकुवा.

हे मी मामांना वाचून दाखवलं. 'मोरो' ऐकल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. "बघ. मी कवाधरनं म्हनतोय, त्यो मोर हाय. तुमी बायका पोपट पोपट करतायसा." मोरो हा लोकांचा गट आहे, मोराशी त्याचा काही संबंध नाही, पाखरू काकाकुवा आहे, असं मी दोनदा सांगितलं. "तुरा कुनाला असतोय?" त्यांनी विचारलं. मी नाद सोडला. आजही आमच्या घरी कुणी तलवार बघायला आलं तर मामा सांगतात, मोराची मूठ म्हणून मोरो.

पण बाईंचा पुढचा मजकूर कामाचा होता. मोरो एवढंच म्हणून भागत नाही, त्या लिहीत होत्या. पानासारखं रुंद पातं असेल तर ते बरोंग, सुलूच्या बेटांकडचं. लांब पातं आणि उघड्या जबड्यासारखी मूठ असेल तर कंपिलान, मिंदानाओ या मोठ्या बेटाकडचं. ते लांबूनही ओळखता येतं. क्रिस मात्र दोन्हीकडं सापडतो. त्यासाठी मुठीजवळचा पसरट भाग बघावा लागतो. तिथं एका बाजूला हत्तीच्या सोंडेसारखा आकार कोरलेला असतो आणि सोंडेखाली तोंडाची खाच. त्या खाचेची ठेवण आणि पलीकडच्या बाजूची नक्षी यावरून सुलू की मिंदानाओ, याचा अंदाज करतात. आणखी एक, तो पसरट भाग पात्याला जोडलेला वेगळा तुकडा आहे का? जुन्या कामात खरी फट असते. नंतरच्या कामात सगळं एकाच लोखंडाचं आणि फटीच्या जागी नुसती कोरलेली रेघ. तशा पुष्कळ तलवारी परक्यांना विकण्यासाठी झाल्या. तुमच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. तो लाल थर काढून पुन्हा फोटो पाठवा.

म्हणजे बाजारातून घेतलेली वस्तू की कुणाच्या घरातली, आणि कुठल्या बेटांवरची, हे सगळं मामांच्या आईनं बरोबर त्याच जागी बोट भरून भरून बुजवून टाकलं होतं. तेल, हळद, कुंकू, पुन्हा तेल. तिच्यामागं मामांनीही तेच केलं. थर दगडासारखा झाला होता.

मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाय."

"मामा, त्याशिवाय कळणार नाही."

"त्ये आईचं हाय."

"खालचं आईचं असेल. वरचं तुमचंच की."

"खालचं आईचं हाय म्हनून तर," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

गणपती बसले, आरत्या झाल्या, गौरी आल्या, गेल्या, मामा हललेच नाहीत. त्यांना उत्तर पाहिजे होतं आणि कुंकूही पाहिजे होतं. शेवटी माझा तोल गेला. ताट त्यांच्या पुढं ठेवता ठेवता मी बोलून गेले, "मग मला कामाला लावलंत कशाला? तुम्हाला कळायला नकोच आहे. आत काही वाईट निघेल म्हणून भिताय तुम्ही." सासऱ्याला असं बोलतात का? नाही बोलत. पण मी शिक्षिका म्हणून बोलले, सून म्हणून नाही.  त्यांनी भाकरी अर्धी टाकली. 

अनंत चतुर्दशीला गल्लीतला गणपती ताशा वाजवत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर मामा सोप्यात पाटावर बसलेले, पुढ्यात नागीण, बाजूला खोबरेलाची वाटी. पितृपक्ष लागला की ते हत्याराला हात लावत नसत, म्हणून हा शेवटचा दिवस. "ये," ते म्हणाले. "तुजी नजर चांगली हाय."

आम्ही तेल कोमट करून त्या थरावर सोडलं आणि वाट पाहिली. मग बांबूची कामटी तासून घेतली आणि हळूहळू खरवडायला लागलो. लोखंडाला काही लावायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. वरचा थर अबोली निघाला, हल्लीचं दुकानातलं कुंकू. त्याच्या खाली गडद, जवळपास काळं, आणि त्याला हळदीचा वास. मामांची कामटी थांबली. "आई घरी करायची कुक्कू," ते म्हणाले, "हळदीचं." मी निघालेलं सगळं एका वाटीत जमवत होते. ती वाटी त्यांनी पुढं तुळशीत रिकामी केली. त्या वेळी मात्र ते तसेच बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही आलं. पुसायला दोघांचेही हात तेलकट.

मग सोंड निघाली. खरोखरच हत्तीची सोंड, बोटाएवढी, वळलेली, आणि खाली उघडं तोंड. मामांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि हात जोडले.

"गनपती," ते म्हणाले. "आई सारी वर्सं गनपतीलाच कुक्कू लावत हुती की."

हा गणपती नाही, तिथले लोक मुसलमान आहेत, आणि हत्ती म्हणणंसुद्धा अभ्यास करणाऱ्यांनी सोयीसाठी ठेवलेलं नाव असेल, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. माझ्या स्वभावाला ते जड गेलं हे कबूल करते.

त्याच्या वर, पात्याला आडवी, केसाएवढी फट होती. मी त्यात कागदाची कडा सरकवून पाहिली. कडा आत गेली. रेघ नव्हती, फट होती.

फोटो पाठवले आणि पितृपक्ष सुरू झाला. मामा रोज विचारायचे, "तुजी बाई काय म्हनली?" बाईंचं उत्तर अष्टमीला आलं. मी ते आधी एकटीनं वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मग मामांच्या कॉटशेजारी खुर्ची घेऊन बसले. मी ठरवलं होतं, एक अक्षर गाळायचं नाही आणि एक अक्षर पदरचं घालायचं नाही.

त्यांनी लिहिलं होतं, फट खरी आहे, म्हणजे काम जुनं. परक्यांना विकायला केलेली ही वस्तू नव्हे, ही कुणाच्या तरी घरातली. तोंडाची खाच आणि पलीकडची नक्षी बघता माझा कौल सुलूकडं आहे, मिंदानाओकडं नाही. पण हा कौलच, पुरावा नव्हे. मुठीवर भरवसा ठेवू नका, मुठी बदलतात. आणि तलवारी माणसांसारख्याच फिरतात. सुलूत घडलेली वस्तू शेजारच्या बोर्निओच्या बंदरातही हातात पडू शकते. तुमच्या घरातल्या माणसाला ती विकत मिळाली, भेट मिळाली, की आणखी कशी, हे लोखंड सांगत नाही.

शेवटी दोन ओळी होत्या. आमच्या आजोबांकडं अशीच एक होती, बाईंनी लिहिलं होतं. त्यांनी ती मुलाला दिली नाही, जावयाला दिली, कारण मुलगा दुकान बघायचा आणि जावई दर्यावर जायचा. पण ही आमच्या एका घरची गोष्ट, त्यावरून तुम्ही काही काढू नका.

"जावयाला," मामा म्हणाले.

मी फोन खाली ठेवला. लग्नातल्या पंगतीची गोष्ट मला आठवत होती. आता हे उठून बसणार, भडकणार, छातीत कळ येणार, म्हणून मी गोळीची डबी कुठं आहे ते बघत होते. मामा मात्र छताकडं बघत पडून होते. त्यांचे ओठ हलत होते, हिशेब करत असल्यासारखे.

"म्हंजे घर केलं त्यानं तिकडं," ते म्हणाले.

"मामा, त्या बाई स्वतःच म्हणतायत की यावरून काही काढू नका. त्यांनी फक्त..."

"तू गप. तू मास्तरीन हायस. मी ल्योक हाय." मग ते माझ्याकडं वळले. चिडलेले नव्हते. कितीतरी वर्षांनी माणसाची पाठ मोकळी व्हावी तसा त्यांचा चेहरा दिसत होता. "अगं, घर केलं म्हंजे बुडाला न्हाय. घर केलं म्हंजे जगला. मागनं कुनीतरी वाट बगत हुतं, म्हनून परत गेला. कुनीतरी करून घातलं, दुखलं-खुपलं बगितलं. आमचा बा हाडानं काटक हुता. म्हातारा हून मेला असनार त्यो. आईच्या मागनं."

 जन्मभर ज्या बोलण्यासाठी त्यांनी चुलतभावाचं घर सोडलं, तेच खरं असावं म्हणून हा म्हातारा आता जीव टाकत होता. आणि माझ्याकडं त्याला नाही म्हणायला कसलाही आधार नव्हता. हो म्हणायलाही नव्हता.

"आमावशेला बाचं पान ठेवायचं," ते म्हणाले. "ज्यांची तिथ ठावं न्हाय त्यांचं असतंय तवा. आनी उद्या नवमीला दोन सवाष्णी सांग."

"दोन कशाला?"

"एक आईची. एक तिची."

कुणाची, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "तिनं त्याला जगवला, म्हनून माझी आई अहेव गेली. ती आदी गेली का मागनं गेली, आपुन काय बगितलंय? नवमीलाच बसू दे. दोगी संगं बसू द्यात."

नवमीला कोल्हापुरात सवाष्ण मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पान असतं त्यांना विचारा. प्रत्येक घराला एक लागते आणि मागणी असलेल्या बायका दोन-दोन घरी जेवून येतात. आमची दरवर्षीची ठरलेली, मागच्या गल्लीतली नात्यातली काकू, ती आली. दुसरी संध्याकाळच्या फोनवर कुठून मिळणार? मी चार घरी विचारलं, चारही आधीच सांगितलेल्या. मामांना म्हटलं, एकच मिळाली.

"तू बस की," मामा म्हणाले.

"मी घरची सून. मी वाढायचं का बसायचं?"

"नवरा वाडंल. त्येला काय काम हाय."

माझा नवरा कमरेला टॉवेल गुंडाळून खरोखरच वाढायला उभा राहिला. वडे, खीर, आमटी, भोपळ्याची भाजी, गवार, कढी. दोन पाट मांडले होते, दोन केळीची पानं. काकूच्या ओटीत खण-नारळ, माझ्या ओटीतही खण-नारळ. मी खाली मान घालून बसले होते. माझ्याच हातचा स्वयंपाक, पण पहिला घास घ्यायला मला संकोच वाटत होता, परक्या घरी पाहुणी आल्यासारखा. कोण असेल ती बाई, तिनं कधी वडे बघितले असतील का, ती होती तरी का? तिच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं आणि तरी मला तिच्यासाठी रडू येत होतं.

मामा काठी टेकत आले. तूप मीच वाढणार, असं त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. काकूच्या पानावर त्यांनी तूप सोडलं आणि दरवर्षीसारखे म्हणाले, "पोटभर जेव, आई." मग माझ्यापुढं आले. मी सून म्हणून सवयीनं पदर सावरला. तूप भातावर कमी आणि पानावर जास्त सांडलं. ते वाकले. इतकी वर्षं मला पोरी म्हणणारे माझे सासरे माझ्या तोंडाकडं न बघता, माझ्या मागं कुणी बसलं असावं तसे, हळूच म्हणाले,

"सावकाश जेव, धाकल्या आई."